बँकॉकला दुसऱ्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली फेरी बहुतेकांची ठरलेली असते: टूर कंपनीची बस, पट्टाया, सफारी वर्ल्ड, एक दिवस बँकॉक, इंदिरा मार्केट आणि परत. काही वर्षांनी तीच माणसं स्वतःच्या हिंमतीवर जायचं ठरवतात आणि मग हे प्रश्न येतात. उत्तरांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तर तो क्रमांक सांगितला आहे.

१. मागच्या वेळी विमानतळावर रांगेत उभं राहून २,००० बात भरले होते. आताही तसंच का?

भारतीय पासपोर्टवर १० नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवस आणि १५ जुलै २०२४ पासून ६० दिवस बिनव्हिसा राहण्याची सूट मिळाली. त्याआधीचा २,००० बातचा 'व्हिसा ऑन अरायव्हल' फक्त १५ दिवसांचा असायचा. ही सूट आणि तिचे दिवस थाई सरकार बदलत असतं. म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या माहितीवर जाऊ नका.

बिनव्हिसा म्हणजे बिनकागद नव्हे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट हवं (ते बहुधा मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच मागतात), हॉटेलचं बुकिंग हवं. अधिकारी पैसे दाखवायलाही सांगू शकतो. माणशी २०,००० बातच्या तोडीचं चलन जवळ असलं की चिंता नाही. दहातल्या नऊ जणांना कोणी विचारत नाही, दहाव्याला विचारतात.

२. डिजिटल अरायव्हल कार्ड काय आहे? एका साइटने माझ्याकडून पैसे घेतले.

मग ती साइट सरकारी नव्हती. विमानात हातात पडणारा तो लांबट कागदी फॉर्म गेला आणि १ मे २०२५ पासून त्याच्या जागी ऑनलाइन फॉर्म आला. तो पूर्ण फुकट आहे. पत्त्याच्या शेवटी थाई इमिग्रेशनचं 'डॉट गो डॉट टीएच' असेल तरच भरा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातींचे दुवे बहुतेक दलालांचे असतात.

पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच फॉर्म भरता येतो. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा वेगळा, मात्र कुटुंबाचे एकत्र भरण्याची सोय आहे. भरल्यावर येणारा क्यूआर मोबाइलमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत बॅगेत टाका.

चुका ठरावीक दोनच होतात. पहिली तारखेची. रात्री साडेअकराला मुंबईहून निघणारं विमान दुसऱ्या दिवशी पोचतं, तर पोचण्याचीच तारीख टाकायची. दुसरी नावाची. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिथे डॅश टाका, दिलेल्या नावाचे तुकडे करून आडनाव बनवू नका.

३. मागच्या वेळच्या काही नोटा उरल्या आहेत. जुन्या राजाचं चित्र असलेल्या नोटा चालतात का?

चालतात. राजे भूमिबोल २०१६ मध्ये वारले, नव्या राजांच्या नोटा २०१८ मध्ये आल्या, पण जुन्या बाद झालेल्या नाहीत. २० बातची नोट २०२२ पासून प्लास्टिकची आहे. गुळगुळीत लागली म्हणून खोटी समजू नका.

नवे पैसे नेताना डॉलर न्या. शंभराच्या, कोऱ्या, बिनघडीच्या नोटांना सगळ्यात चांगला भाव मिळतो. रुपयाला तिथे वाईट भाव आहे. सुवर्णभूमी विमानतळावर आगमनाच्या मजल्यावरच्या बँकांपेक्षा तळघरात, रेल्वे स्थानकाशेजारच्या खिडक्यांवर भाव बरा असतो. एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बात किंवा थोडे जास्त कापले जातात, म्हणून चार वेळा थोडे थोडे काढू नका. मशीन 'रुपयांत रूपांतर करू का?' विचारेल, तिथे नकार द्या. होकार दिलात तर भाव बँकेचा न राहता मशीनवाल्याचा लागतो.

ठेल्याठेल्यावर दिसणारा क्यूआर थाई बँकखात्यांसाठी असतो. यूपीआयच्या भरवशावर नुडल्स मागवू नका, रोख ठेवा. मनातल्या मनात हिशेब करताना बातचे तीन रुपये धरा. चुकलात तरी खिशाच्या बाजूने चुकाल. मागच्या फेरीतला दोन रुपयांचा हिशेब विसरा.

४. विमानतळावरून शहरात टॅक्सीने यावं की रेल्वेने?

सुवर्णभूमीच्या (थाई माणूस 'सुवन्नफूम' म्हणतो) तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. शेवटचं स्थानक फाया थाय, वेळ साधारण २६ मिनिटं, भाडं ४५ बात, पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत. फाया थायला बीटीएस मेट्रो मिळते, त्याआधीच्या मक्कासनला दुसरी मेट्रो, एमआरटी (उत्तर ५). हॉटेल सुखुमवित, सियाम किंवा सिलोमकडे असेल आणि माणशी एकच बॅग असेल तर हाच मार्ग घ्या. संध्याकाळी पाच ते आठ टॅक्सीला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

तिघं-चौघं, मोठ्या बॅगा आणि सोबत आजी असतील तर टॅक्सी. आगमन दुसऱ्या मजल्यावर आहे, टॅक्सी पहिल्यावर. यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या रांगेत आपली गाडी उभी असते. मीटरवरच्या आकड्यावर विमानतळाचे ५० बात आणि पुलांचा टोल प्रवाशाने द्यायचा असतो. ही लूट नाही, नियम आहे. चिठ्ठी उतरेपर्यंत हातात ठेवा, तक्रार तिच्यावरच होते.

डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरलात तर २०२१ मध्ये सुरू झालेली लाल रेल्वे मार्गिका थेट क्रुंग थेप अफिवात स्थानकात आणते, तिथे एमआरटी आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर पुढचं तिकीट दाखवून दोन्हींमधली मोफत बस मिळते. मध्ये चार-पाच तास तरी ठेवा.

५. बीटीएस आणि एमआरटीचं तिकीट एकच आहे का? मागच्या वेळचं बीटीएसचं रॅबिट कार्ड आहे.

एकच नाही, आणि परत येणारे इथेच अडखळतात. बीटीएस म्हणजे डोक्यावरून जाणारी, १९९९ ची. एमआरटीची निळी मार्गिका २००४ ची, बरीचशी जमिनीखालून. असोक-सुखुमवित किंवा साला देंग-सिलोम या जोड्यांमध्ये बाहेर पडून, दोनेकशे पावलं चालून, दुसऱ्या कंपनीच्या फाटकातून पुन्हा पैसे भरून आत जायचं.

एमआरटीच्या फाटकावर संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवता येतं. आधी बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'संपर्करहित' हे दोन्ही पर्याय चालू करा. भारतीय कार्ड फाटकावर न चालण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. रुपे कार्ड तिथे चालत नाही. एका कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो, नवरा-बायकोला दोन कार्डं लागतात.

बीटीएसला रॅबिट कार्ड किंवा एकेरी तिकीट. जुनं रॅबिट घेऊन काउंटरवर जा, पासपोर्ट सोबत असू द्या. मुदत संपलेली असेल तर तिथेच कळतं. नवं साधारण २०० बातला पडतं, त्यातले १०० वापरता येतात. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्याने ते घेऊच नये. खूप फिरायचा एखादा दिवस असेल तर १५० बातचा दिवसाचा पास पुरतो.

निळी मार्गिका नकाशावर इंग्रजी नवाच्या आकड्यासारखी दिसते. गाडी मात्र गोल गोल फिरत नाही. ता फ्रा स्थानकात ती दोन मजल्यांवर येते, तिथे फलकावरचं शेवटच्या स्थानकाचं नाव वाचूनच चढा.

६. टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, काय करावं?

उतरा आणि दुसरी धरा. राजवाड्याबाहेर किंवा खाओ सान रस्त्यावर उभी असलेली टॅक्सी गिऱ्हाईक जोखायलाच उभी असते. चालती टॅक्सी थांबवा. समोरच्या काचेत लाल अक्षरं पेटलेली असतील तर ती रिकामी आहे. लाल बघून आपण 'भरलेली' समजतो आणि चार रिकाम्या टॅक्सी सोडून देतो. मीटर ३५ बातपासून सुरू होतं. पावसात आणि ऑफिस सुटताना कोणीच मीटर टाकत नाही, तेव्हा ग्रॅब किंवा बोल्ट ॲप वापरा. टुकटुक हौसेसाठी आहे. भाडं आधी ठरवा, आणि ते फारच स्वस्त निघालं तर उत्तर ९ वाचा.

७. मी २०१४ मध्ये गेलो होतो. त्यातलं काय उरलंय?

मंदिरं, नदी आणि उकाडा. बाकी बरंच हललं आहे.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे जुन्या शहरात मेट्रो पोचली. २०१९ पर्यंत राजवाडा, चायनाटाउन, फाहुरात (भारतीय वस्ती) इथे जायला टॅक्सी किंवा बोटच होती. आता चायनाटाउनच्या पोटात वाट मांगकोन ('वाट' म्हणजे देऊळ), फाहुरातजवळ साम योत आणि वाट फोपासून पाच मिनिटांवर सनाम चाय अशी स्थानकं आहेत. म्हणजे सियामजवळच हॉटेल हवं ही जुनी अट उरली नाही. निळ्या मार्गिकेवरचं कुठलंही स्वस्त, स्वच्छ हॉटेल चालतं.

हुआ लाम्फोंग या जुन्या मुख्य रेल्वे स्थानकाची कमानदार इमारत जागेवर आहे, पण च्यांग माय आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या १९ जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवातहून सुटतात. जुन्या सवयीने हुआ लाम्फोंगला जाणाऱ्यांच्या गाड्या अजून चुकतात.

रात्चादाचा रंगीत तंबूंचा रेल्वे बाजार २०२१ मध्ये बंद झाला. सुआन लुमच्या जुन्या रात्र-बाजाराच्या जागेवर २०२४ पासून वन बँकॉक हे काचेचं संकुल उभं आहे. नदीपलीकडे २०१८ मध्ये आयकॉनसियाम मॉल आला. उलट बेंचाकिती बागेशेजारी तंबाखूच्या सरकारी कारखान्याच्या जागेत पाणथळ जंगल तयार केलंय आणि त्यावरून उंच पायवाट जाते. संध्याकाळी तिथे जा, फुकट आहे. वाट अरुण तुम्हाला पांढरंधोप वाटेल, ती २०१७ मध्ये संपलेल्या डागडुजीची करामत आहे.

८. राजवाडा, वाट फो, वाट अरुण पुन्हा बघावं का? आई-बाबांना घेऊन एका दिवसात होईल?

होईल, पण हाच क्रम धरा. साडेआठला राजवाड्याच्या दारात. तिकीट ५०० बात, खिडकी साडेतीनला बंद. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. पुरुषांची थ्री-फोर्थ चालत नाही, साडी-सलवार उत्तम. अकरापर्यंत बाहेर पडा, मग वाट फो (३०० बात). तिथल्या ४६ मीटर लांब पहुडलेल्या बुद्धाच्या तळव्यांवर शिंपल्यात कोरलेली १०८ चिन्हं आहेत. टूरच्या गर्दीत डोकं बघून लोक पुढे ढकलले जातात आणि तळवे राहतात. तिथून ता तिएन धक्क्यावरून ५ बातच्या तरीने पलीकडे वाट अरुण (२०० बात). पायऱ्या खड्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच बघावं, खालूनही छान दिसतं.

राजवाड्यात पुन्हा जाण्याचं खरं कारण पाचूच्या बुद्धाच्या आवाराभोवतीची भिंत. तिच्यावर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलं आहे. सुरुवात उत्तरेच्या दारासमोर, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे. रावण इथे तोत्साकान म्हणजे दशकंठ. हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. मुलांना चित्रांतून गोष्ट सांगत जाणार असाल तर तयारी ठेवा.

९. वाटेत एकाने सांगितलं 'आज पॅलेस बंद आहे'. खरं असतं का?

जवळजवळ कधीच नाही. स्वच्छ कपड्यातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस 'सणामुळे बंद' सांगतो आणि २० बातमध्ये तीन देवळं दाखवणारी टुकटुक बोलावतो. ती शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानापाशी थांबते. चालकाला इंधनाची कुपनं तिथून मिळतात. राजघराण्याचा विधी असेल तर खरोखर बंद असतं, पण ते दारावरच्या फलकावर आणि अधिकृत संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. फाटकापर्यंत चालत जा.

१०. नदीच्या बोटी कळत नाहीत. कोणत्या झेंड्याची धरायची?

नारिंगी. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्थानकातून उतरलं की साथोर्नचा धक्का. तिथे माइक घेतलेले लोक निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीकडे वळवतील: ३० बात एका फेरीचे, १५० दिवसभराचे. नारिंगीचं तिकीट १६ बात, कुठेही उतरा. गर्दी जास्त, बसायला मिळेलच असं नाही, इंग्रजीत घोषणा नाहीत. म्हणून धक्क्यांचे क्रमांक लक्षात ठेवा: चायनाटाउन ५, ता तिएन ८, राजवाड्याचा ता चांग ९, फ्रा आर्थित १३. ती संध्याकाळी लवकर बंद होते. सूर्यास्त बघून बोटीने परतायचा बेत आखू नका.

बोटीत चढल्यावर खण्-खण् आवाज येतो. कंडक्टर हातातली लांब पत्र्याची नळी हलवत येतो, तिच्यातच नाणी आणि तिच्यातच तिकिटाची गुंडाळी. नळीच्या झाकणात तिकीट चिमटून फाडून देतात. सुटे तयार ठेवा.

सेन सेप कालव्याच्या बोटी वेगळ्या. काळं पाणी, भन्नाट वेग, स्थानिक नोकरदारांची गर्दी. पाणी उडायला लागलं की काठावरच्या माणसाने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा असतो, तिथे बसलात तर ते काम तुमचं. प्रतुनामला बोट बदलावी लागते. सियामहून सुवर्ण टेकडीच्या वाट साकेतला पोचायला ट्रॅफिकच्या वेळी याहून जलद काही नाही. पोहता न येणाऱ्या आणि सांधेदुखीवाल्या माणसांनी टाळावी, कारण बोट धक्क्याला दहा सेकंद टेकते आणि उडी मारूनच चढायचं असतं.

११. शाकाहारी जेवण मिळतं का? मागच्या वेळी टूरने रोज पनीर दिलं.

मिळतं, पण 'व्हेज' शब्दाने नाही. शब्द आहे 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसणारी. ती दिसली की मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही. दुकानात 'गिन जे' म्हणजे 'मी जे खातो'.

नुसत्या भाजीच्या पदार्थावर भरवसा ठेवू नका. परतलेल्या कोबीत माशाचं पाणी (नाम प्ला) असतं, नाहीतर कालवाचा सॉस. कच्च्या पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी कुटलेली असते. 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी घालू नका. तरी जुन्या कढईची आणि तयार सूपची खात्री कोणी देणार नाही. काटेकोर असाल तर 'जे' पाटीच धरा. आंबा आणि चिकट भात निर्धास्त खा, त्यात नारळाचं दूध असतं. एप्रिल-मे हा त्याचा खरा मोसम. आपल्या चवीचं हवंच असेल तर फाहुरात.

१२. आम्ही जैन आहोत. 'जे' चालेल का?

अर्धं चालेल. 'जे'मध्ये कांदा-लसूणही वर्ज्य असतं, त्यामुळे आपल्या साध्या शाकाहारी हॉटेलपेक्षा ते जवळचं. पण बटाटा, गाजर, मुळा, आळंबी यांना तिथे मनाई नाही. मुळा तर सूपमध्ये हमखास असतो. कंदमुळं न खाणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थ बघून घ्यावा.

१३. नवरात्रात गेलं तर पंचाईत होईल का?

उलट तोच सगळ्यात सोयीचा काळ. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस 'जे'चा सण असतो आणि तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो. चायनाटाउनमधला याओवारात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो, एरवी डुकराचं मांस विकणारे ठेलेही 'जे' होतात.

त्याच दिवसांत सिलोमच्या मारिअम्मन देवळात नवरात्र असतं आणि दसऱ्याच्या रात्री मिरवणुकीसाठी सिलोम रस्ता बंद होतो. लोक त्या देवळाला 'वाट खेक' म्हणतात. 'खेक' म्हणजे पाहुणा, आणि भारतीय माणसालाही तोच शब्द. आत फोटो काढायला मनाई आहे. मिरवणुकीच्या रात्री हॉटेल सिलोमला असेल तर टॅक्सी दारापर्यंत येणार नाही.

१४. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

एप्रिल तिथला सगळ्यात तापट महिना. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, आपल्या संक्रांतीच्याच शब्दातून आलेलं नाव. पाण्याच्या पिचकाऱ्यांतून कोणी सुटत नाही, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरी, पण जानेवारीच्या आसपास धुरकं दाटतं. दम्याच्या रुग्णांनी मास्क न्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबर पावसाचे, दुपारनंतर तासभर धो धो आणि मग मोकळं.

१५. खरेदीवरचा कर परत मिळतो म्हणे?

'व्हॅट रिफंड' पाटी असलेल्या दुकानात एका दिवसात किमान २,००० बातची खरेदी झाली की फॉर्म मागा. पासपोर्ट सोबत हवा, नंतर फॉर्म मिळत नाही. कर ७ टक्के, हातात थोडे कमी येतात. खरेदी मोठी असेल तर विमानतळावर बॅग चेक-इन करण्याच्या आधी कस्टम्सकडे फॉर्म दाखवायचा. बॅग पट्ट्यावर गेली की संपलं. प्रतुनाम आणि चातुचाकच्या ठेल्यांवर यातलं काही नाही, तिथे तीन नग घेतले की घाऊक भाव मागायचा. बुद्धमूर्ती आवडली तरी जपून, ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो.

१६. तिथे गांजा कायदेशीर आहे ना? आणि व्हेप?

व्हेप बेकायदा आहे, रस्त्यावर विकत मिळालं तरी. बॅगेतही नेऊ नका. गांजा २०२२ मध्ये मोकळा झाला आणि जून २०२५ पासून पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीखाली आला. हिरव्या पानाच्या पाट्या अजून दिसतील, त्यावरून कायदा ठरवू नका.

भारतात आणणं हा तर थेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतल्या बॅगांत खाऊच्या पाकिटांत दडवलेला गांजा मुंबई विमानतळावर सतत पकडला जातो. परतताना 'माझ्या भावाला एवढं पाकीट द्याल का' म्हणणाऱ्या गोड माणसाला नाही म्हणा, तो मराठी बोलत असला तरी.

दोन बारीक गोष्टी. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकांत राष्ट्रगीत लागतं, सगळे थबकतात, तुम्हीही थांबा. आणि राजघराण्यावरचा विनोद समाजमाध्यमावर टाकू नका, कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत.

१७. मुक्काम दोन दिवसांनी लांबला आणि शिक्क्याची मुदत संपली तर?

रोजचे ५०० बात दंड, कमाल २०,०००, विमानतळावर भरून सुटका होते. पण नोंद राहते आणि पुढच्या वेळी प्रश्न विचारतात. मुदत संपण्याआधी चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन कचेरीत १,९०० बात भरून मुदतवाढ मागणं बरं. मुदत शिक्क्यावरच्या तारखेपर्यंत असते आणि उतरल्याचा दिवसही तीत मोजला जातो. गुगलवर दिवस मोजण्यापेक्षा शिक्का वाचा.

१८. बसने मलेशियाला किंवा लाओसला जाऊन परत बँकॉकला यायचं आहे. बिनव्हिसा दुसऱ्यांदा आत घेतील का?

जमिनीच्या सीमेवरून बिनव्हिसा प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो, विमानाने येणाऱ्याला ही मोजणी लागू नाही. तरी पासपोर्टवर लागोपाठ शिक्के दिसले तर अधिकारी विमानतळावरही अडवू शकतो. अशा वेळी हॉटेलची बुकिंगं आणि भारतात परतण्याचं पक्कं तिकीट हाताशी ठेवा. परत येताना डिजिटल कार्ड नव्याने भरावं लागतं (उत्तर २). पहिला क्यूआर दुसऱ्या प्रवेशाला चालत नाही.